जोंगाला माहेरी नेताना

सासरी नांदणाऱ्या लेकीला उन्हाळ्यात माहेरी नेतात, तसं गाडीलाही माहेरी नेता येतं का? येतं. फक्त ती गाडी जोंगा असली पाहिजे आणि वाट जबलपूरची असली पाहिजे.

जबलपूरच्या उत्तर अंगाला, आधारतालच्या पुढे, पनागर-कटनीकडे जाणाऱ्या रस्त्याला महाराजपूर नावाची वस्ती आहे. पर्यटकांच्या यादीत तिचं नाव सापडणार नाही. जवळच १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा हिरवा परिसर आहे आणि रस्त्यावर ट्रकची सतत वर्दळ असते. मे महिन्यात इथे दुपारी डांबर मऊ होतं. 'नौतपा' म्हणजे काय ते इथल्या शाळकरी पोरालाही विचारा. मेअखेरीचे ते नऊ दिवस, जेव्हा माणसं सावली सोडत नाहीत.

अशा दिवसांत जुनी गाडी घेऊन नागपूरहून इथवर यायचं म्हणजे तिच्या इंजिनाची परीक्षाच. पण याच प्रवासात तुम्हाला एक गोष्ट शिकता येते. ती जोंगाला लागू आहे आणि तुमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारलाही: इंजिन का तापतं हे कळण्यासाठी आधी ते केव्हा तापतं हे बघायचं.

हे माहेर कसं?

जबलपूरला विनोबांनी 'संस्कारधानी' म्हटलं, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. पण हे शहर कारखान्यांचंही आहे. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. तोफांचे गाडे बनवणाऱ्या या शहरात पुढे जर्मन कंपनी 'मान'च्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि सैन्याच्या गाड्या म्हटल्या की जबलपूर हे समीकरण पक्कं झालं.

जोंगा त्यातलीच. मूळ गाडी निस्सानची पेट्रोल नावाची जीप, पण नाव अगदी गावचं. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून 'जोंगा' तयार झालं. सुमारे चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जाड पत्रा आणि चारही चाकांना ताकद. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं. सैन्याच्या लिलावातून काही गाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि हौशी मंडळींनी त्या जिवापाड जपल्या. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने एक जुनी हिरवी जोंगा घेतली, तेव्हा हे नाव नव्या पिढीच्या कानावर गेलं.

पण हौस एकीकडे आणि सुटे भाग दुसरीकडे. जी गाडी आता बनतच नाही, तिचं इंजिन एकदा तापून वाकडं झालं, तर दुकानात जाऊन नवीन आणता येत नाही. म्हणून काट्याकडे दुर्लक्ष करणं या गाड्यांना परवडत नाही.

आधी थोडं स्वयंपाकघरात डोकावू

इंजिनात पेट्रोल जळतं. त्यातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला लागतो, एक तृतीयांश धुराड्यातून जातो आणि उरलेला पाण्यातून बाहेर काढावा लागतो. पंप ते पाणी इंजिनाभोवती फिरवतो. तापलेलं पाणी वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवतं आणि खालच्या पाइपने परत इंजिनात जातं.

मध्ये थर्मोस्टॅट नावाचा छोटा दरवाजा असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास तापलं की उघडतो. म्हणजे सकाळी इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं.

आणि रेडिएटरचं झाकण? ते म्हणजे कुकरचं झाकण आणि शिट्टी एकत्र. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८-९९ अंशांवरच उकळतं. झाकणाने आत दाब धरला, की दर पौंडामागे हा आकडा साधारण दीड अंशाने वर सरकतो. सात पौंडांचं झाकण असेल, तर पाणी ११० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही. तसंच झाकणाचं रबर गेलं की पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. जुन्या गाडीत पहिला संशय या स्वस्त झाकणावर घ्यावा. पण 'जास्त दाबाचं टाकू, जास्त चांगलं' असं मात्र करू नका. जुन्या रेडिएटरचे डाख त्या दाबाने सुटतात.

आता निघू या.

पहिला टप्पा: नागपूर ते खवासा, मोकळा रस्ता

पहाटे निघा. कामठी, मनसर, देवलापार करत खवासापर्यंतचा रस्ता रुंद आणि बराचसा सपाट आहे. मनसरला उजवीकडे रामटेकचा फाटा लागतो. गाडी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास ठेवा आणि दर थोड्या वेळाने काट्याकडे नजर टाका.

या वेगाला रेडिएटरवर समोरून इतका वारा येतो, की पंख्याचं काम वाराच करतो. म्हणून काटा इथे चढू लागला, तर पंख्याला दोष देऊ नका. दोष बहुतेक पाण्याच्या वाटेत आहे. क्रमाने बघायच्या गोष्टी अशा:

पाणी कमी आहे का? थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ असायला हवा.

रेडिएटर आतून चोंदला आहे का? वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी भरलेल्या गाडीत, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि तापमान मोजायच्या लेझर थर्मामीटरने रेडिएटरवर ठिकठिकाणी बघा. मधूनच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथून पाणी जातच नाही असं समजा.

खालचा पाइप आत ओढला जातो का? या पाइपातून पंप पाणी खेचतो. रबर म्हातारं झालं किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली, तर इंजिनाचा वेग वाढवताच पाइप चप्पट होतो. गाडी उभी असताना तो छान गोल दिसतो, म्हणून हा दोष भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. बॉनेट उघडा, कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पंख्यापासून लांब उभं राहून पाइपाकडे बघा.

शेवटी पंप. त्याच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून पाण्याचा ओघळ दिसला, की पंपाचं सील गेलं.

एक साधी गोष्ट सगळ्यांत शेवटी आठवते, ती आधीच सांगते. रेडिएटरच्या तोंडावर जादा दिवे, झेंडा, जाळी किंवा सैन्यातल्या काळाचा वाळलेला चिखल तर नाही ना? वारा आतच गेला नाही, तर बाकी सगळं नवीन असून उपयोग काय?

दुसरा टप्पा: कुरईचा घाट

खवासाला मध्य प्रदेश लागतो आणि पेंचचं जंगल सुरू होतं. किपलिंगच्या मोगलीचं सिवनी ते हेच. चौपदरी रस्ता आता जनावरांना खालून जाता यावं म्हणून ठिकठिकाणी उंच उचललेला आहे. पुढे कुरईचा घाट चढावा लागतो.

चढावर इंजिनावर ओझं येतं, वेग कमी होतो आणि वाराही कमी मिळतो. काटा थोडा वर जाणं इथे साहजिक आहे. तो वर जाऊन एका जागी थांबला आणि माथ्यावर पोचल्यावर हळूहळू उतरला, तर गाडी ठणठणीत आहे.

इथे एक युक्ती कामाची. मोठ्या गिअरवर गाडी रेटू नका, एक गिअर खाली घ्या. इंजिन जरा जोरात फिरतं, त्याबरोबर पंप आणि पट्ट्यावरचा पंखाही जोरात फिरतो आणि इंजिन कण्हत नाही.

फक्त चढावरच काटा लाल पट्टीकडे धावत असेल, तर पाण्याबरोबर आगीकडेही बघावं लागतं. ठिणगी उशिरा पडत असेल, म्हणजे टायमिंग मागे गेलेलं असेल, तर पेट्रोल उशिरा जळतं आणि ती उष्णता इंजिनाच्या भिंतींना लागते. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त येत असेल, तरीही तेच. स्पार्क प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल, तर मिश्रण कोरडं आहे किंवा इंजिन फार तापतंय. आणि हो, ब्रेक चिकटलेले नाहीत ना? चाक हाताने सहज फिरत नसेल, तर बिचारं इंजिन दिवसभर ब्रेकशीच भांडत असतं.

काटा लाल झाला तर

घाटात, जंगलात, कुठेही. एसी असेल तर बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा. उन्हाळ्यात हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे इंजिनाचा दुसरा छोटा रेडिएटरच. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या. पाणी उकळत नसेल आणि पट्टा शाबूत असेल, तर एखादा मिनिट इंजिन संथ चालू ठेवून काटा उतरतो का बघा. वाफ निघत असेल, पाणी गळत असेल किंवा काटा चढतच असेल, तर लगेच बंद करा.

आणि मग थांबा. अर्धा-पाऊण तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण सैल होताक्षणी ते उकळून तोंडावर येतं. मुलांना गाडीपासून लांब सावलीत बसवा. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका. लालबुंद तव्यावर पाणी ओतल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. इंजिनाचं हेड असंच तडकतं.

तिसरा टप्पा: तिलवारा ते महाराजपूर

सिवनी, लखनादौन, धूमा, बरगी अशी गावं मागे टाकत तिलवारा घाटाच्या पुलावर आलात, की खाली नर्मदा दिसते. इथले लोक तिला नुसतं नर्मदा म्हणत नाहीत, 'मैया' म्हणतात. नमस्कार करा आणि पुढे व्हा.

महाराजपूरला जायला शहराबाहेरून बायपास आहे. पण गाडीची तपासणीच करायची, तर शहरातून जा. मेडिकल कॉलेज, मदन महाल, राणीताल, मग आधारताल. या नावांत जुनं जबलपूर आहे. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल आणि तिचा दिवाण आधारसिंह याच्या नावाचा आधारताल. गोंडांच्या काळात या शहराने उन्हाळा तलावांच्या आधाराने काढला. आपल्या इंजिनाचंही तसंच आहे.

या रस्त्यात रिक्षा, सायकली, सिग्नल आणि ट्रक. गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर आणि घाटात शहाण्यासारखी वागलेली गाडी इथे येऊन तापली, तर दोष हवेच्या वाटेत आहे.

इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबा. दोन चाकांच्या मधोमध तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. जास्त दबला तर सैल, घसरत असणार. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चकाकी आली असेल किंवा भेगा असतील, तर बदला. मग पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं बघा. जुन्या गाड्यांत कुणीतरी कधीतरी ते काढून ठेवलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. त्या कड्याशिवाय पंखा आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो, रेडिएटरमधून खेचत नाही. पंखा उलटा बसवलेला गाडीमालकही सापडतो, हसू नका.

स्पोर्ट्स कारवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. तुमच्या गाडीचं बॉनेट खुजं, हवेसाठीचं तोंड लहान आणि आतली जागा दाटीची. आपल्याकडे बनलेली सॅन स्टॉर्म ही छोटी टू-सीटर असो की परदेशातून आलेली जुनी एमजी, गर्दीत उभं राहणं कुठल्याही स्पोर्ट्स कारला आवडत नाही. पंखा विजेवर चालणारा असेल, तर काटा मध्याच्या वर गेल्यावर तो सुरू झाल्याचा आवाज येतो का ते ऐका. नसेल येत, तर फ्यूज, रिले आणि तापमानाचा स्विच याच क्रमाने बघा. खुज्या बॉनेटमुळे आणखी एक होतं. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली राहतो आणि पाणी भरताना वरच्या भागात हवा अडकते. अशी गाडी चढावर, नाक वर करून उभी करा, हीटर सुरू ठेवा आणि थंड इंजिनात सावकाश पाणी भरत बुडबुडे निघू द्या.

महाराजपूरची सकाळ

रात्रभर गाडी उभी राहिली, की सकाळी खरी तपासणी होते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा. पाणी किती कमी झालंय? जमिनीवर ओघळ नाही आणि तरीही पाणी कमी, तर सावध व्हा. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघा. तिथे दुधाळ, पिवळसर साय असेल, तर पाणी ऑइलमध्ये जात असू शकतं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. पण बुडबुडे येतच राहिले, धुराड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघाला, तर हेड गॅस्केट गेलंय. मग मात्र गाडी चालवत परत न्यायची नाही. हेड उचलावं लागेल.

काहीच सापडलं नाही, तर थर्मोस्टॅट. इंजिन गरम होत असताना वरचा पाइप बराच वेळ थंड राहिला आणि काटा मात्र चढत गेला, तर दरवाजा उघडतच नाही. तो काढा, स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या भांड्यात पाणी घ्या, दोऱ्याने बांधून त्यात सोडा आणि गॅसवर ठेवा. सोबत थर्मामीटर. त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडला पाहिजे. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

कितीतरी मिस्त्री सांगतील, 'थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्या हवेत लागत नाही.' काढल्यावर दोन दिवस काटा खाली राहतोही. पण मूळ दोष तसाच असतो. शिवाय थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि आतून झिजतं. तापाच्या पेशंटचा थर्मामीटर फेकून दिल्यासारखं आहे हे.

दुरुस्तीचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे ठेवा: झाकण, पट्टा, पाइप, थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग पंप आणि सगळ्यांत शेवटी हेड. आणि या सगळ्याच्या आधी काटा खरं बोलतोय का ते लेझर थर्मामीटरने पडताळून घ्या. कित्येकदा इंजिन थंड असतं, खोटा असतो तो काटाच. जोंगासारख्या गाडीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर फेकू नका. चांगला रेडिएटरवाला त्याची टाकी उघडून नळ्यांतून सळ्या फिरवतो, थर काढतो आणि पुन्हा डाख देऊन बंद करतो.

नवं पाणी भरताना मैयाचं जल देवघरात ठेवा. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवतं. पण ते विषारी आणि चवीला गोड असतं. सांडलं तर लगेच पुसा, मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा.

गाडी निवेपर्यंत

रेडिएटर दुकानात गेला असेल, तर रिक्षा करा आणि जबलपूर बघा. मदन महालचा गोंडकालीन किल्ला, त्याच्या वाटेवर एका खडकावर तोललेला दुसरा प्रचंड खडक. संध्याकाळी ग्वारी घाटावर नर्मदेची आरती. भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांमधून नाव आणि पुढे धुवांधार धबधबा, जिथे पाण्याचे तुषार खरोखर धुरासारखे दिसतात. परतताना खव्याची जिलेबी खा. काळपट, जाड, पाकात मुरलेली. आपल्या जिलेबीपेक्षा अगदी वेगळी.

परतीच्या वाटेवर एक छोटी वही गाडीत ठेवा. त्यात तीनच रकाने: जागा, वेग, काटा. मोकळ्या रस्त्यावर तापली तर पाणी, चढावर तापली तर ओझं आणि आग, गर्दीत तापली तर हवा. मिस्त्रीकडे जाऊन नुसतं 'गाडी गरम होते हो' म्हणण्याऐवजी ही वही पुढे ठेवा. तो पाना उचलायच्या आधी विचार करायला बसेल आणि तुमच्या गाडीचे चांगले भाग उगाच बदलले जाणार नाहीत. आता बनत नसलेल्या गाडीसाठी याहून मोठं काम दुसरं नाही.